टकटक नेमकी कुठली? नव्याने घेतलेल्या जुन्या एमजीबीच्या इंजिनाचा आवाज शोधताना

जुनी एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घरी आली की पहिल्याच रविवारी बहुतेक जण एकच गोष्ट करतात. बॉनेट उघडतात, टकटक ऐकतात, "टॅपेट मारतंय" (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली फट वाढलीय) असं ठरवून टाकतात आणि कव्हर काढून आवाज बंद होईपर्यंत स्क्रू आवळत बसतात. आवाज बंद होतो. काही महिन्यांनी गाडी एका सिलिंडरवर मिस मारायला लागते आणि हेड उतरवलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळून गेलेली निघते.

मीही यातून सुटलेलो नाही. इथे इंग्लंडमध्ये घेतलेल्या माझ्या जीटीवर (एमजीबीचीच बंद छपराची आवृत्ती) एक अख्खा शनिवार मी टॅपेटच्या मागे घालवला. आवाज येत होता एक्झॉस्ट मेनिफोल्डच्या पॅकिंगमधून.

चूक हाताची नव्हती, क्रमाची होती. टकटक शोधायची ती बाहेरून आत. आधी इंजिनाबाहेरचे आवाज बाद करायचे, मग इंजिनाला चिकटलेल्या वस्तूंचे, आणि टॅपेट कव्हर उघडायचं ते त्यानंतर. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. मधला टप्पा गाळू नका, तो कितीही फालतू वाटला तरी.

हे सगळं १९६२ ते १९८० या काळातल्या एमजीबीच्या १७९८ सीसी, चार सिलिंडरच्या इंजिनाबद्दल आहे. सहा सिलिंडरची एमजीसी आणि व्ही-८ यांना हे जसंच्या तसं लावू नका. व्ही-८ मध्ये टॅपेट हायड्रॉलिक आहेत आणि तिथे गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट, सेट करायचा प्रश्नच येत नाही. ज्यांच्या घरी पेट्रोलवरची जुनी अँबेसेडर होती त्यांना मात्र यातलं बरंच ओळखीचं वाटेल, कारण तिचं १४८९ सीसी इंजिन याच बी-सिरीज घराण्यातलं. गावाकडे अँबेसेडरवर हात बसलेला एखादा जुना मिस्त्री ओळखीचा असेल तर त्याला फोनवरून आवाज ऐकवायला लाजू नका.

टप्पा १: किल्ली फिरवण्याआधी

इंजिन पूर्ण थंड हवं. रात्रभर उभी असलेली गाडी सर्वांत चांगली. ज्याच्याकडून घेतली त्याने तुम्ही पोहोचायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल, तर थंड इंजिनाचा आवाज तुम्ही अजून ऐकलेलाच नाही असं धरून चाला.

इंजिनाचा नंबर बघा. ब्लॉकच्या उजव्या अंगाला रिव्हेट मारलेली पट्टी असते. १८जी आणि १८जीए म्हणजे तीन मेन बेअरिंगचं सुरुवातीचं इंजिन, १८जीबीपासून पुढे पाच बेअरिंगचं. या गाड्यांची इंजिनं इतक्या वर्षांत सर्रास बदललेली असतात, म्हणून कागदावरचं साल बघून गॅपचा आकडा ठरवू नका. पट्टीवरचा नंबर बघा, त्या इंजिनाचं मॅन्युअल उघडा. आधीच्या मालकाने रेसिंगचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घातला असल्याची पावती कागदपत्रांत सापडली तर गॅप त्या कॅमच्या कागदावरचा, मॅन्युअलमधला नाही.

आता ऑईल. गाडी सपाट जागेवर उभी करून डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घाला, मग वाचा. पातळी बघून थांबू नका, ऑईल बोटावर घेऊन चोळा आणि हुंगा. पेट्रोलचा वास येत असेल तर ते पातळ झालेलं आहे आणि पातळ ऑईलवर धडधाकट इंजिनही वाजतं. दुधाळ रंग दिसला तर पाणी मिसळतंय. उन्हात धरल्यावर चकाकणारे कण दिसले तर आवाज शोधायचं थांबवा आणि बेअरिंगची चौकशी आधी करा. ऑईल जुनं, काळं किंवा कुठलं आहे हेच माहीत नसेल, तर फिल्टरसकट बदलून २०डब्ल्यू-५० भरा आणि मगच पुढे जा. आधुनिक गाडीचं पाण्यासारखं पातळ ऑईल या इंजिनात घातलेलं मी दोनदा पाहिलं आहे. दोन्ही वेळा अर्धी टकटक नुसत्या ऑईल बदलण्याने गेली.

जवळ काय काय ठेवाल: इंचातला फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती), अर्ध्या इंचाचा एएफ (नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं माप) रिंग पाना, रुंद पात्याचा स्क्रू ड्रायव्हर, टॉर्क पाना, मीटरभर लांब रबरी नळी, टायमिंग लाइट, टॅपेट कव्हरचं नवं पॅकिंग, वही आणि फोन. १३ मिलिमीटरचा पाना "जवळजवळ बसतो" म्हणून वापरू नका. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तेवढ्या ढिलाईत नटाचे कोपरे गोल होतात.

> जपून: १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबींमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. टायमिंग लाइटचे चिमटे लावण्याआधी बॅटरीवरच्या खुणा स्वतः बघा. आधीच्या मालकाने ती जोडणी उलटीही करून घेतलेली असू शकते.

टप्पा २: इंजिन बंद, नुसता इग्निशन ऑन

हा टप्पा सगळे गाळतात. किल्ली फक्त इग्निशनपर्यंत फिरवा आणि गप्प बसा.

मागून, सीटच्या पाठीमागून, टक-टक-टक येईल. तो एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप. कार्ब्युरेटरच्या वाट्या भरेपर्यंत तो भराभर वाजतो आणि मग थांबतो. इंजिन चालू असतानाही पेट्रोल खर्च होईल तशी त्याची अधूनमधून टक येतच राहते. आधुनिक गाड्यांवर वाढलेल्या माणसाला हा आवाज इंजिनाचा वाटतो, यात नवल नाही.

पंप थांबतच नसेल तर तो वेगळा दोष आहे, आणि तो आधी मिटवा. कुठेतरी पेट्रोल गळतंय, कार्ब्युरेटरची वाटी ओसंडतेय किंवा टाकीकडून येणारी पाइप हवा ओढतेय. पेट्रोलचा वास येत असताना इंजिन सुरू करू नका.

> पडताळणी: पंप वाजला, काही सेकंदांत थांबला आणि कुठेही ओल नाही. आता पुढे.

टप्पा ३: थंड स्टार्ट, आणि फक्त ऐकणं

फोनवर रेकॉर्डिंग चालू करून बॉनेटजवळ ठेवा आणि इंजिन सुरू करा. पहिल्या दहा मिनिटांत पाना हातात घ्यायचा नाही. वहीत लिहायचं:

सुरू होताक्षणी आवाज होता का? ऑईल प्रेशरचा काटा वर गेल्यावर कमी झाला का? इंजिन तापत गेलं तसा विरला, तसाच राहिला, की वाढला? हलकी रेस दिली की आवाज रेसबरोबर पळतो का?

या चार उत्तरांत अर्धं निदान असतं. पहिले दोन-चार सेकंद वाजून थांबणारी टकटक म्हणजे रात्रीत खाली उतरलेलं ऑईल वर पोहोचायला लागलेला वेळ. तिच्यासाठी काही उघडायची गरज नाही. थंडीत जोरात आणि दहा मिनिटांत विरणारी टकटक बहुतेकदा एक्झॉस्टच्या गळतीची असते, कारण लोखंड तापून फुगतं आणि फट बुजते. थंड-गरम दोन्हीत सारखीच राहणारी, रेसबरोबर पळणारी, हलकी आणि कोरडी टकटक असेल तर संशय रॉकरकडे. गरम झाल्यावर वाढणारा, खालून येणारा, जड ठोका ही वेगळीच जात आहे.

ऑईल प्रेशर बघायचं ते इंजिन पूर्ण तापल्यावर. चालत्या गाडीत ५० ते ८० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) आणि स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) १० ते २५ पीएसआय हे या इंजिनाचं ठरलेलं माप आहे. थंड इंजिनावरचा उंच काटा बघून खूश होऊ नका, जाड ऑईल थंडीत कोणालाही चांगलं प्रेशर दाखवतं.

> थांबा: गरम इंजिनावर प्रेशर या मापाच्या खाली आणि आवाज जड "ठक-ठक" असेल, तर इंजिन ताबडतोब बंद करा. हे बेअरिंगचं लक्षण आहे. "गॅरेजपर्यंत तर नेतो" म्हणून चालवत नेलेल्या गाडीचा क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) वाचत नाही. ती उचलूनच न्या.

टप्पा ४: ठेका मोजणं

कानाने टकटक आणि ठकठक वेगळं करता येतं, पण कान फसतात. ठेका फसवत नाही.

कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. स्लोवर इंजिन ८०० फेऱ्या मारत असेल तर एका व्हॉल्व्हची टक मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला साधारण सात वेळा येते. क्रँकच्या प्रत्येक फेरीला येणारा आवाज याच्या दुप्पट.

मोजायला टायमिंग लाइट वापरा. तो एक नंबरच्या प्लग वायरवर लावला की क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एकदा लकाकतो, म्हणजे नेमका कॅमच्या ठेक्यावर. लाइट भिंतीकडे धरा आणि ऐका. एका लकाकीला एक टक येत असेल तर आवाज कॅमच्या ठेक्याचा आहे. दोन येत असतील तर क्रँकचा किंवा दोन जागांचा. लकाकीशी काही मेळच बसत नसेल तर पंखा, डायनॅमो, बेल्ट, वॉटर पंप यांच्याकडे बघा, त्यांचा वेग पुलीच्या मापावर असतो.

इथे एक गफलत होते. कॅमचा ठेका म्हणजे टॅपेटच, असं नाही. एका सिलिंडरची एक्झॉस्ट गळतीही दर दोन फेऱ्यांना एकदाच फुसकते. सैल प्लग आणि ठिणगी गळणारी वायर यांचाही ठेका तोच. ठेक्याने बाद काय करायचं ते कळतं, दोषी कोण ते पुढच्या टप्प्यात.

टप्पा ५: इंजिनाबाहेरचे संशयित, एकेक करून

बाह्या वर, घड्याळ-अंगठी काढून, ओढणी, मफलर, लोंबणारं काही असेल तर दूर. पंख्यापाशी वाकून काम आहे.

*अ) बेल्ट आणि पुढचा भाग.* इंजिन बंद करून बेल्टची कड बघा. उसवलेला धागा दर फेरीला कव्हरवर आपटून हुबेहूब टॅपेटसारखा वाजतो. पंख्याचं पातं कुठे घासतंय का, तेही बघा. शंका उरली तर बेल्ट काढून इंजिन सुरू करा. आवाज गेला? मग तो डायनॅमो किंवा अल्टरनेटर, वॉटर पंप वा पंख्याचा. बेल्ट नसताना पाणी फिरत नाही, त्यामुळे ही चाचणी अर्ध्या-एक मिनिटात आटपा.

*आ) ठिणगी.* अंधार पडल्यावर गॅरेजचा दिवा घालवा आणि चालू इंजिनाकडे बघा. तडकलेल्या प्लग वायरीतून किंवा डिस्ट्रिब्युटर कॅपमधून निळसर ठिणगी बाहेर उडत असेल तर ती दिसते, आणि टिकटिक तिथूनच येते.

*इ) प्लग.* प्लगच्या बुडाशी ऑईलचे दोन थेंब सोडा. बुडबुडे आले तर प्लग नीट बसलेला नाही किंवा त्याचा वॉशर गेलाय.

*ई) एक्झॉस्ट मेनिफोल्ड.* इथे घाई करू नका. माझा शनिवार इथेच गेला असता तर सार्थकी लागला असता.

या इंजिनात कार्ब्युरेटरचा आणि एक्झॉस्टचा असे दोन्ही मेनिफोल्ड डाव्या बाजूलाच, एकाच पॅकिंगवर बसतात. मधले काही नट दोघांना मिळून जाड वॉशरने दाबतात. गोम अशी की दोन्ही मेनिफोल्डच्या कानांची जाडी सारखी नसली तर वॉशर तिरका बसतो, एकाला घट्ट दाबतो आणि दुसरा तसाच सैल राहतो. एखादा मेनिफोल्ड बदललेल्या किंवा घासून सरळ केलेल्या गाडीत हे हमखास सापडतं. नट कितीही आवळा, फट जात नाही. उलट स्टडचे आटे जातात.

शोधायचं असं. थंड इंजिन सुरू करा, रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं पॅकिंगच्या कडेने हळूहळू फिरवा. गळतीपाशी आवाज अचानक मोठा आणि फुसफुसता होतो. नळी तापलेल्या लोखंडाला टेकवू नका. मग इंजिन बंद करून टॉर्चच्या उजेडात पोर्टभोवती काजळीच्या रेघा दिसतात का ते बघा. तरीही खात्री नसेल तर थंड इंजिनावर व्हॅक्यूम क्लीनरच्या हवा फेकणाऱ्या तोंडाला नळी लावून सायलेन्सरच्या टोकातून हवा सोडा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. फेस येईल तिथे गळती. मेनिफोल्ड जिथे पुढच्या पाइपला जोडला जातो तो खालचा सांधाही विसरू नका.

गळती सापडली तर दोन्ही मेनिफोल्ड उतरवा, त्यांचे कान एकाच सपाटीत आहेत का ते सरळ पट्टी धरून बघा, पॅकिंग नवं घाला. नट साधारण १५ पाउंड-फूटच आवळायचे असतात.

*उ) प्लग वायर काढून चाचणी.* शेवटी ही एक चाचणी जी तीन आवाज वेगळे करते. स्लोवर चालू इंजिनाची एकेक प्लग वायर रबरी मुठीच्या पकडीने काढा आणि तिचं टोक लगेच ब्लॉकला टेकवा, हवेत लटकत ठेवू नका. त्या सिलिंडरचा जाळ बंद झाला की:

आवाज पूर्ण गेला किंवा एकदम मऊ झाला, तर त्या सिलिंडरच्या एक्झॉस्टची किंवा प्लगची गळती.
जड ठोका मंदावला, तर बिग एंडचा (पिस्टनच्या रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगचा) संशय.
काहीच फरक पडला नाही, तर रॉकर-टॅपेटकडची बाजू.

> जपून: एका वायरीला चार-पाच सेकंद पुरे. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साचतं. आणि हात ओला असताना ही चाचणी नको, झटका जोरदार असतो.

टप्पा ६: टॅपेट कव्हर उघडा, पण अजून काही फिरवू नका

इथवर आवाज सापडला नसेल तरच कव्हर काढायचं. इंजिन पुन्हा पूर्ण थंड होऊ द्या. वरचे दोन नट काढा. कव्हर चिकटलं असेल तर स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नका, हाताच्या तळव्याने बाजूने थोपटा.

आधी नजर. सगळ्या आठ रॉकरवर ऑईल पोहोचलंय का? एखादा कोरडा, तपकिरी पडलेला असेल तर तिथली वाट तुंबलेली आहे. एखादी स्प्रिंग तुटली आहे का? मग बोटाने प्रत्येक चेकनट (गॅपचा स्क्रू जागी धरणारा नट) चाचपा. सैल चेकनट हे या टप्प्यावरचं सर्वांत स्वस्त आणि अनेकदा खरं उत्तर असतं.

मग आहे तसे गॅप मोजा आणि वहीत लिहा. हे न करता सेटिंग करणारा माणूस पुरावा पुसून टाकतो. सात गॅप ०.०१५ आणि एकच ०.०२४ निघाला तर टकटकीचा धनी सापडला, शिवाय तोच एक का वाढला हा पुढचा प्रश्नही मिळाला. आठही सारखेच वाढलेले असतील तर नुसती देखभाल झालेली नाही, एवढंच.

कुठला रॉकर वाजतो हे नक्की करायचं तर इंजिन गरम करून स्लोवर चालू ठेवा आणि फीलर गेजचं पातळ पातं एकेका रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधे सरकवा. ज्याच्यात घातल्यावर टकटक दबते तो वाजतोय. थोडं ऑईल उडेल, मेनिफोल्डच्या बाजूला जुना टॉवेल धरा.

टप्पा ७: गॅप सेट करणं

बहुतेक एमजीबी इंजिनांचा गॅप थंड अवस्थेत ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर, इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हीला तोच. काही नंतरच्या इंजिनांना गरम स्थितीतलं वेगळं माप दिलेलं आहे, म्हणून पहिल्या टप्प्यातला तो इंजिन नंबर.

चारही प्लग काढा, इंजिन हाताने सहज फिरेल. गाडी टॉप गियरमध्ये घालून पुढे ढकलत फिरवली तरी चालतं, जोडीला कोणी असेल तर.

व्हॉल्व्हना रेडिएटरच्या बाजूने १ ते ८ नंबर द्या. १, ४, ५, ८ एक्झॉस्ट. २, ३, ६, ७ इनलेट. आता नवाची बेरीज लक्षात ठेवा: जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाय (खाली दाबलाय), त्याचा नंबर नवातून वजा केला की सेट करायचा व्हॉल्व्ह मिळतो.

८ उघडा, तर १ सेट करा
६ उघडा, तर ३
४ उघडा, तर ५
७ उघडा, तर २
१ उघडा, तर ८
३ उघडा, तर ६
५ उघडा, तर ४
२ उघडा, तर ७

या क्रमाने गेलात तर इंजिन कमीत कमी फिरवावं लागतं.

चेकनट सैल करा, स्क्रू फिरवून पातं मधे असं बसवा की ओढताना हलकं धरलं जाईल पण अडकणार नाही. मग स्क्रू ड्रायव्हरने स्क्रू जागच्या जागी धरून चेकनट आवळा. आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो. त्यामुळे आवळल्यानंतर पुन्हा मोजा. आवळण्याआधीचं माप म्हणजे माप नव्हे.

आता सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट. रॉकरचं तोंड, जे व्हॉल्व्हच्या दांड्यावर टेकतं, ते वर्षानुवर्षं एकाच जागी आपटून खोलगट होतं. फीलर गेजचं सपाट पातं त्या खळग्याच्या दोन काठांवर पुलासारखं टेकतं. पातं सांगतं ०.०१५; खळग्यातला गॅप त्याहून कितीतरी जास्त असतो. गॅप "बरोबर" आणि तरी टकटक चालूच, याचं नेहमीचं कारण हेच. अशा वेळी डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं माप) रॉकरच्या व्हॉल्व्हकडच्या टोकावर लावून रॉकर हाताने वर-खाली हलवा आणि खरा खेळ वाचा. तात्पुरता गॅप त्यावर सेट करता येतो, पण तो रॉकर आता बदलायचा किंवा घासून घ्यायचा आहे.

> सर्वांत मोठी चूक: आवाज दबावा म्हणून गॅप ठरल्यापेक्षा कमी ठेवणं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला आपली उष्णता सोडायला सीटवर टेकून बसायला वेळ लागतो. गॅप कमी म्हणजे तो वेळ कमी. गरम झालेला दांडा वाढला की व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही, आणि कड जळते. ०.०१५ वर या इंजिनाचा थोडा टिकटिकाट राहतोच, तो राहू द्या.

टप्पा ८: गॅप बरोबर, खळगा नाही, तरी आवाज

आता खोलात. इथेही क्रम आहे, सोप्यापासून अवघडाकडे.

रॉकर शाफ्टवर वर-खाली हलतो का ते बघा. बाजूला सरकणं स्प्रिंगमुळे स्वाभाविक आहे. वर-खाली डुगडुगणं म्हणजे बुश आणि शाफ्ट झिजले. शाफ्टची झीज खालच्या अंगाला होते, त्यामुळे शाफ्ट काढून उलटा केल्याशिवाय दिसत नाही.

> जपून: रॉकर शाफ्टच्या चार स्टँडचे मोठे नट हे सिलिंडर हेडचेही नट आहेत. तेवढेच चार सोडले तर हेडवर एका बाजूने ताण येऊन ते वाकू शकतं आणि हेड पॅकिंग उडतं. आधी रेडिएटरचं पाणी काढा, मग हेडचे सगळे नट मॅन्युअलमधल्या क्रमाने थोडे थोडे सैल करा. परत बसवताना त्याच क्रमाने, टप्प्याटप्प्याने, ४५ ते ५० पाउंड-फूट.

शाफ्ट काढण्याआधी आठही व्हॉल्व्हची उघडझाप डायल गेजवर मोजून घ्या. साधारण नऊ मिलिमीटरच्या आसपास वाचन येईल. नेमक्या आकड्यापेक्षा आठांची आपसातली तुलना महत्त्वाची. एखादा दुसऱ्यांपेक्षा स्पष्ट कमी उघडत असेल तर कॅमचा लोब (फुगवटा) घासला गेलाय.

पुशरॉड (टॅपेटपासून रॉकरपर्यंतच्या उभ्या काड्या) काढताना प्रत्येक रॉड बोटांत थोडा फिरवून सोडवा, मग उचला. नाहीतर ऑईलच्या चिकटीने खालचा टॅपेट रॉडला धरून अर्धा वर येतो आणि मधेच सुटून आडवा पडतो. जाड पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून नंबर टाका आणि रॉड त्यात उभे करा; ज्याची जागा त्याची. काचेवर लोळवून बघा, वाकलेला रॉड उड्या मारतो.

टॅपेट बघायला ब्लॉकच्या डाव्या अंगाची झाकणं उघडावी लागतात, ती मेनिफोल्डच्या खाली लपलेली असतात. टॅपेटच्या बुडाला खड्डे किंवा खरवडल्याच्या खुणा दिसल्या तर कॅमही तसाच असणार. तेव्हा कॅम आणि आठही टॅपेट एकदम नवे. जुन्या कॅमवर नवा टॅपेट किंवा नव्या कॅमवर जुने टॅपेट म्हणजे पैसे पाण्यात. नवा संच पहिल्यांदा सुरू केल्यावर वीस मिनिटं २००० फेऱ्यांच्या वर ठेवायचा, स्लोवर अजिबात सोडायचा नाही. झाकणं परत लावताना बोल्ट हलक्या हाताने; जोर केला की पत्रा वाकतो आणि ऑईल गळतीची नवी कटकट सुरू.

आवाज सगळ्यात पुढून, टायमिंग कव्हरमधून, खुळखुळल्यासारखा येत असेल तर तो चेनचा किंवा तिच्या टेन्शनरचा. त्यासाठी वरचं काही उघडायची गरज नव्हती. नळीने टप्पा ५ मध्येच कळायला हवं होतं.

टप्पा ९: बंद करणं आणि पुन्हा ऐकणं

कव्हरच्या आत चिकटलेलं जुनं पॅकिंग पूर्ण खरवडा. नटांखालचे रबर कडक झाले असतील तर बदला. कव्हरचे नट ४ पाउंड-फूट, म्हणजे बोटांनी घट्ट करून वर थोडंसंच. गळतंय म्हणून आवळत गेलात तर कव्हरचा पत्रा वाकतो आणि जास्तच गळतं.

थंड स्टार्ट पुन्हा रेकॉर्ड करा, त्याच जागी फोन ठेवून, आणि टप्पा ३ मधल्या रेकॉर्डिंगशी ताडून बघा. आठवणीवर विसंबू नका, दिवसभर मेहनत केलेल्या माणसाला आवाज कमीच वाटतो. "इंजिन शांत करणारी" बाटली या घडीला ऑईलमध्ये ओतू नका, मोजणीच बिघडते.

साधारण ५०० मैलांनी, थंड इंजिनावर, आठही गॅप पुन्हा मोजून जुन्या आकड्यांशेजारी लिहा. एकाच व्हॉल्व्हचा गॅप वाढला आणि त्याचा चेकनट घट्ट आहे, तर तिथला कॅम किंवा टॅपेट झिजतोय. टप्पा ८ वर परत जा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे गॅप उलट कमी होत चालले असतील, तर ती खरी वाईट बातमी आहे, आणि ती आवाज न करता येते. ही हेड शिसंवाल्या पेट्रोलच्या काळातली. ब्रिटनमध्ये ते पेट्रोल सर्वसाधारण विक्रीतून गेलं १ जानेवारी २००० ला. मूळच्या बिडाच्या सीटवर व्हॉल्व्ह आत रुतत जातो, दांडा वर येतो, गॅप मिटतो. दर वेळी स्क्रू सैल करून गॅप परत देत राहिलात तर काही हजार मैल निघतील. त्यानंतर हेड उतरवून एक्झॉस्टला कडक धातूच्या सीट बसवून घ्यायच्या.